शिवणकामाच्या ब्लॉगला कुठली थीम घेऊ? जाहिरातींमुळे मापांचा तक्ता सरकतोय

सुईदोरा (इचलकरंजी)
नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली, मी ब्लॉगरवर (गूगलची ब्लॉग लिहायची फुकट सोय) शिवणकामाबद्दल लिहिते. ब्लाउज, परकर-पोलकं, शिवलेली नऊवारी, बाळाची झबली-टोपडी. 140 च्या आसपास पोस्ट झाल्यात. थीम, म्हणजे ब्लॉगच्या रूपाचा तयार साचा, फुकट टेम्प्लेट मिळतात तिथून उतरवून घेतली होती. 14 महिन्यांपासून गूगलच्या ॲडसेन्सच्या ऑटो जाहिराती (गूगल स्वतःच जागा निवडून लावतं त्या) चालू आहेत, आतापर्यंत 61 डॉलर जमलेत.

गेल्या आठवड्यात एका वाचक ताईंचा मेसेज आला. आईने जपून ठेवलेल्या खणाचा ब्लाउज शिवायला घेतला होता. मोबाइल टेबलावर ठेवून माझ्या तक्त्यातली 36 ची ओळ बघत होत्या. खडू घ्यायला मान वळवली, तेवढ्यात वर जाहिरात उघडली आणि तक्ता खाली सरकला. परत बघितलं तर त्याच जागी 34 ची ओळ. छाती, मुंढा (बाही जोडतो तो घेर) सगळं 34 ने कापलं गेलं. खणाचा पन्हा मुळातच लहान, जोड द्यायला कापडही उरलं नाही. त्या मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, पण मला दोन रात्री झोप लागली नाही.

मोबाइलवर तक्ता जागचा हलणार नाही अशी थीम सुचवा. जाहिराती कुठे ठेवाव्यात तेही सांगा. बजेट वर्षाला 2000 रुपये, त्यातले 800 डोमेनला जातात. कोडिंग येत नाही, पण कुणी नीट सांगितलं तर कॉपी-पेस्ट करते.

तात्या_नाशिक
फुकटची थीम वापरली की असंच होतं. पैसे देऊन घ्या. मी वर्डप्रेसवर (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) जनरेटप्रेस प्रीमियम थीम घेतली, तेव्हा वर्षाला 59 डॉलर पडले. द्राक्षबागेची साइट आहे माझी. छाटणीच्या दिवसांत एकेका दिवसाला चार-चार हजार लोक येतात, साइट कधी अडकली नाही. घेऊन टाका, विचार करत बसू नका.

प्रथमेश_हिंजवडी
ताई, यात थीमचा दोष कमी आहे. जाहिरात पानापेक्षा उशिरा येते. तिच्यासाठी आधीच जागा राखून ठेवलेली नसेल तर ती आली की खालचं सगळं ढकलते. गूगल हे सरकणं मोजतं, त्याला सीएलएस म्हणतात. आकडा 0.1 च्या आत असावा. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्सवर तुमच्या पानाचा पत्ता टाका, मोबाइलचा आकडा लगेच कळेल.

उपाय: ऑटो जाहिराती बंद करा आणि हाताने एक युनिट, म्हणजे ठरलेल्या जागी एकच जाहिरात, लावा. त्याच्याभोवती डिव्ह (कोडमधली चौकट) घालून त्याला मिन-हाइट, म्हणजे कमीत कमी उंची, 280 पिक्सेल द्या. जाहिरात येवो न येवो, तेवढी जागा आधीपासून धरलेली राहील आणि खालचा तक्ता हलणार नाही.

पण खरं सांगू का, सहा वर्षं लिहिताय तर ब्लॉगर सोडाच. वर्डप्रेस घ्या, त्यावर केडन्स थीम, ती फुकट आहे. पान लवकर उघडावं म्हणून कॅशेचं प्लगिन घाला. चांगलं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) वर्षाला चार हजारांत बसतं.

रोहिणी_सोलापूर
ताईंनी 2000 लिहिलंय, चार हजार कुठून आणायचे? शिवाय पहिल्या वर्षीचा दर बघून होस्टिंग घेऊ नका. मला पहिल्या वर्षी 1400 पडले, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला 5200 मागितले. नूतनीकरणाचा दर आधी विचारा.

आणि माझा अनुभव वाचाच. मी पैसे वाचवायला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून विकतची थीम फुकट उतरवली. तीन महिन्यांनी सर्चमध्ये माझ्या शेंगाच्या पोळीच्या पानाखाली परदेशी औषधांची नावं दिसायला लागली. थीमच्या फाइलीत कुणीतरी उलटसुलट अक्षरांचा लांबलचक कोड लपवून ठेवला होता. साइट पुसून पहिल्यापासून उभी करावी लागली, दिवाळीच्या अंकासाठी लिहिलेल्या पाककृती गेल्या. सुईदोरा ताई, तुमचं टेम्प्लेटही बाहेरचंच आहे. एकदा एचटीएमएल (पानाचा कोड) उघडून फूटरच्या, म्हणजे पानाच्या तळाच्या, जवळ अर्थ न लागणारी लांब ओळ दिसते का बघा.

वसंतकाका_देवगड
जाहिरातींपासून जपून राहा. माझ्या आंब्याच्या ब्लॉगवर जाहिराती आल्या तेव्हा नातवाला फार कौतुक वाटलं. शाळेतून आला की रोज आजोबांच्या पानावर जाऊन एकेक जाहिरात दाबायचा. मला पत्ताच नाही. 40 दिवसांनी खातं बंद. आपल्याच जाहिराती आपण किंवा घरच्यांनी दाबायच्या नाहीत हा नियम मी त्याला सांगितला नव्हता, चूक माझीच. घरात सगळ्यांना बजावून ठेवा. आणि पत्त्याची खात्री करणारा पिन पोस्टाने येतो, पत्ता बिनचूक लिहा. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती थांबतात.

प्रथमेश_हिंजवडी
काका, पिन 10 डॉलर झाले की येतो. ताईंचे 61 झालेत, त्यांचा केव्हाच झाला असेल.

सुईदोरा
हो, पिन झालाय. पहिली रक्कम 100 डॉलरला मिळणार. घरात माझ्याशिवाय कुणी ब्लॉग उघडत नाही, तरी काकांचं ऐकून मुलाला सांगितलं.

प्रथमेश, आकडा बघितला. तक्त्याच्या पानाचा 0.41 आला. लाल रंगात.

अक्षरवेल्हाळ
सगळे वर्डप्रेस-वर्डप्रेस करताय, मराठी अक्षरांचं कुणीच बोलत नाही. थीम निवडताना आधी डेमोत मराठी मजकूर टाकून बघा. बऱ्याच थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनतात. मथळ्याला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं, त्याने आपली शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं दिसतं. ते शून्य करा. मथळ्याची लाइन-हाइट (ओळीची उंची) 1.2 असली की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांवर चढतात. 1.5 तरी ठेवा, मजकुराला 1.7. पहिलं अक्षर मोठं करणारी थीम असेल तर ते बंद करा, 'कि'ची वेलांटी कापली जाते.

फॉन्ट मुक्ता घ्या, 'एक टाइप' या संस्थेने काढलेला आहे, फुकट आहे. आणि ब्लॉगची भाषा सेटिंगमध्ये मराठी करा. भाषा मराठी असली की ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

रानपाखरू
मुक्ता मथळ्याला ठीक. लांब मजकुराला तिरो देवनागरी मराठी बघा, ती मुळात मराठीसाठीच काढलीय. वाचताना छापील पुस्तकासारखं वाटतं.

अक्षरवेल्हाळ
तिरोत ठळक वजन, म्हणजे जाड अक्षरांचा प्रकार, नाही. तक्त्यातली 36 ठळक कशी करणार? ब्राउजर स्वतःच अक्षर जाड करतो, ते फुगलेलं दिसतं.

रानपाखरू
तक्त्याला मुक्ता, मजकुराला तिरो. दोन फॉन्ट लावता येतात.

प्रथमेश_हिंजवडी
देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते, जोडाक्षरं असतात त्यात. दोन फॉन्ट आणि त्यांची चार-चार वजनं लावली तर खेड्यातल्या नेटवर पान उघडायला वेळ लागेल. शिवाय फॉन्ट उशिरा आला की अक्षरांची रुंदी बदलते आणि तक्ता परत हलतो. एकच फॉन्ट, दोनच वजनं.

मीनल_लीड्स
मी ताईंचा ब्लॉग वाचते, माझ्या मुलीचं परकर-पोलकं त्यावरूनच शिवलंय. इथून उघडल्यावर जाहिरातींबद्दल संमती विचारणारी पट्टी दिसत नाही. जानेवारी 2024 पासून युरोप आणि ब्रिटनमधल्या वाचकांना जाहिराती दाखवायच्या तर गूगलने मान्य केलेली संमतीची सोय लागते. ॲडसेन्सच्या 'प्रायव्हसी अँड मेसेजिंग'मध्ये ती फुकट मिळते, दोन-चार ठिकाणी दाबलं की झालं.

आणि एक तक्रार, रागावू नका. खालच्या कडेला चिकटून राहणारी जाहिरात असते ना, ती तक्ता ढकलत नाही पण शेवटची ओळ झाकते. बाहीची मापं मला कधी नीट दिसलीच नाहीत. मी शेवटी वहीत उतरवून घेतली.

पद्मजा_जळगाव
जाहिराती येतात तरी कसल्या! माझ्या भरताच्या पाककृतीवर वशीकरण आणि महिन्यात दहा किलो वजन उतरवा. सासूबाईंनी बघितलं, मला कसंसंच झालं. ॲडसेन्समध्ये 'ब्लॉकिंग कंट्रोल्स' म्हणून आहे, तिथे ज्योतिष, वजन उतरवणं, झटपट श्रीमंती हे विभाग बंद करता येतात. मी बंद केले. कमाई थोडी उतरली, पण मान खाली घालावी लागत नाही.

तात्या_नाशिक
विभाग बंद केले की बोली लावणारे कमी होतात आणि दर पडतो. मी एकही बंद केलेला नाही. मला मागच्या तिमाहीत थीमचे पैसे तिप्पट सुटले. द्राक्षाला औषधवाले, ठिबकवाले जाहिरात देतात, त्यांचा दर चांगला असतो. शिवणकामालाही मशीनवाले येतील. जाहिराती वाढवा, कमी करू नका.

पद्मजा_जळगाव
तात्या, तुमचे वाचक शेतकरी आहेत, खरेदी करतात. आमच्या बायका शिवायला बसल्यावर जाहिरात बघत नाहीत.

नवा_सदस्य_22
वर्डप्रेस घ्या. ॲस्ट्रा थीम लावा. फुकट आहे.

हेमंत_बेळगाव
तक्त्याचा फोटोच टाका की! फोटो हलत नाही.

प्रथमेश_हिंजवडी
फोटोही हलतो. वरची जाहिरात उघडली की फोटोसकट सगळं खाली जातं. आणि फोटोतला आकडा सर्चला सापडत नाही, बारीक मोबाइलवर वाचता येत नाही, चाळिशी लागलेल्या बाईला तर नाहीच. तक्ता मजकुरातच ठेवा. फक्त त्याच्याभोवती डिव्ह घालून ओव्हरफ्लो-एक्स ऑटो करा, म्हणजे रुंद तक्ता बोटाने आडवा सरकवता येईल. पहिला स्तंभ जागेवर धरायला पोझिशन स्टिकी, लेफ्ट शून्य. मी कोड मेसेजमध्ये पाठवतो.

वर्डप्रेसचं मात्र मनावर घ्याच.

माधवी_चिपळूण
मी ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर गेले, त्याचं आधी ऐका. ब्लॉगरवर मराठी मथळा दिला की लिंक आपोआप ब्लॉग-पोस्ट, पुढे एखादा आकडा, अशी होते. मराठी अक्षरं ती घेतच नाही. वर्डप्रेस घेतं, पण प्रत्येक अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, टक्क्याच्या चिन्हांची नऊ-नऊ अक्षरं करतं. लिंकची मर्यादा 200, म्हणजे 22 चिन्हं झाली की लिंक कापली जाते. व्हॉट्सॲपवर पाठवली की पानभर टक्के. शेवटी सगळ्या लिंका हाताने रोमन लिपीत करत बसले. जुन्या लिंका ज्यांनी सेव्ह करून ठेवल्या होत्या त्यातल्या निम्म्या तुटल्या. वाचकांची वहीच हरवल्यासारखं झालं. 140 पोस्ट म्हणजे दोन महिन्यांचं काम धरा.

सुईदोरा
माधवीताई, हे बरं झालं सांगितलंत. माझ्या लिंका बचत गटांच्या ग्रुपमध्ये फिरतात. बायका वर्षभराने तीच जुनी लिंक उघडतात. त्या तुटल्या तर मला चालणार नाही.

सुईदोरा
चार दिवस बसून काम केलं. काय केलं ते लिहिते, म्हणजे ज्यांनी वेळ दिला त्यांना कळेल.

ब्लॉगरवरच राहतेय. बाहेरचं टेम्प्लेट काढलं. रोहिणीताई, फूटरजवळ खरंच तशी एक ओळ होती, कशाची ते मला कळलं नाही, पण ती गेली. ब्लॉगरची स्वतःची नोटेबल थीम लावली, एकच स्तंभ आहे, बाजूला काही लुडबुडत नाही. फॉन्ट मुक्ता, दोन वजनं. भाषा मराठी केली. लेटर-स्पेसिंग शून्य केल्यावर 'नऊवारी' हा मथळा पहिल्यांदा सलग रेषेखाली दिसला. संमतीची पट्टी लावली. वशीकरण बंद केलं.

ऑटो जाहिराती बंद. पोस्टच्या अगदी शेवटी एकच युनिट, राखीव जागेसह. आणि मापांच्या 11 तक्त्यांच्या पानांवर एकही जाहिरात नाही. ब्लॉगरच्या एचटीएमएलमध्ये अट घालता येते, ती प्रथमेशने लिहून दिली. आता आकडा 0.02 आहे.

तात्या_नाशिक
ताई, हे चुकतंय. तक्त्यांचीच पानं सगळ्यात जास्त वाचली जातात ना? तिथलीच जाहिरात काढली तर उरलं काय? शेवटची जाहिरात कोण बघतं?

प्रथमेश_हिंजवडी
इथे तात्यांशी सहमत. जागा राखली की तक्ता हलत नाही. तक्त्याखाली एक युनिट ठेवायला काहीच हरकत नव्हती.

सुईदोरा
तक्तेच जास्त वाचले जातात, माहीत आहे मला. 61 चे 100 व्हायला आणखी दोन वर्षं लागतील, लागू देत. त्या पानावर जी बाई असते तिच्या एका हातात कात्री असते. पान वर-खाली करताना चुकून जाहिरातीला बोट लागलं आणि दुसरंच काही उघडलं, तर तिची ओळ परत हरवणार. म्हणून तिथे नाहीच.

मीनलताई, बाहीची मापं आता पूर्ण दिसतात, बघून सांगा.

मीनल_लीड्स
दिसतात. मुंढ्यापासून मोहरीपर्यंत (बाहीच्या टोकाचा घेर) सगळी. त्या खणाच्या ब्लाउजचं काय झालं पुढे?

सुईदोरा
त्या ताईंकडून कापलेले तुकडे मागवून घेतले, काल कुरिअर आलं. दोन्ही बगलांत काठाच्याच रंगाची एकेक इंचाची पट्टी घातली की छाती 36 ची बसते. काठाचा रंग गडद मोरपिशी, आमच्या इथे पेठेत तस्सं सुती कापड मिळालं. मुंढा थोडा उतरवावा लागेल, त्यासाठी खांद्याची माया (शिलाईत सोडलेलं जादा कापड) उसवते. उद्या टाके घालून ट्रायलला पाठवते.

रोहिणी_सोलापूर
पट्टी कशी घातली त्याचे फोटो टाका ना. माझाही एक ब्लाउज असाच पडून आहे.