डिस्क गोल्फ : जुनी सॅक सुधारून घ्यावी, की खास बॅगच घ्यावी?

माळावरचा_वारा
मंडळी, कोल्हापुरात कात्यायनीच्या बाजूला माळावर घडीची बास्केट लावून आम्ही चौघं डिस्क गोल्फ खेळतो, म्हणजे प्लास्टिकची तबकडी (डिस्क) कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायची. सुरुवातीला तीन डिस्क हातात धरून फिरायचो, आता चौदा झाल्या. दोघांनी डिस्क गोल्फची खास बॅग मागवली. माझं मत वेगळं आहे. घरातली कॉलेजची सॅक घ्यायची, आत सनपॅक शीटचा खोका बसवायचा, वर पटरसाठी, म्हणजे जवळून टाकायच्या डिस्कसाठी, रेक्झिनचा खिसा शिवून घ्यायचा. वाचलेल्या पैशात डिस्क येतात. शिवाय चेन गेली की राजारामपुरीत बसवून मिळते. तुमचं काय म्हणणं?

शाहूपुरी_ड्रायव्हर
भावा, आधी टेप लावून बघ. ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कचा, व्यास 21 सेंटीमीटरच्या जरा वर. कॉलेजच्या सॅकची खोली 15-16. मग डिस्क पाठीला समांतर लावाव्या लागतात, खाली सात आणि वर सात. खालची मिडरेंज (मधल्या पल्ल्याची डिस्क) हवी असली की वरच्या सगळ्या उपसा! खास बॅगेत त्या एका रांगेत कडेवर उभ्या असतात आणि तोंड समोरून उघडतं. रंग बघायचा, ओढायची. 18 बास्केटच्या फेरीत आपण साठेक वेळा फेकतो. एवढ्या वेळा उपसाउपशी करून फेकीवर लक्ष राहतं का? माझं तरी राहत नव्हतं. वर्षभर सॅक वापरूनच सांगतोय.

गंगावेशीतला
दोन थरांचं पटलं. पण तो त्या सॅकचा दोष झाला, सुधारून घेण्याचा नाही. घरपोच जेवण आणणाऱ्या पोरांकडे असते तशी चौकोनी बॅग बघा. खोली भरपूर, आतून फोम. मी समोरची बाजू कापून चेन बसवून घेतली. चौदा डिस्क एका रांगेत बसतात. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत उघडा राहिलेला पटर वाकला होता, बॅगेतले सरळ राहिले.

पन्हाळा_पटर
दादा, तुम्ही सगळे डिस्कचंच बोलताय, पाठीचं कोण बोलणार? खेळाच्या नियमाने डिस्कचं वजन व्यासाच्या दर सेंटीमीटरला 8.3 ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे ड्रायव्हर साधारण 175 ग्रॅमचा. चौदा डिस्कचे जवळपास अडीच किलो. वर पाणी, टॉवेल, छत्री. चौकोनी बॅगेत हे वजन पाठीपासून लांब राहतं आणि खांदे मागे ओढले जातात. मला दोन महिन्यांत मान धरण्याचा त्रास सुरू झाला. चांगल्या खास बॅगेला पाठीशी कडक फ्रेम असते, छातीचा पट्टा असतो, काहींना पाय असतात. जुलैत माळावर बॅग टेकवून बघा, पायांची किंमत कळेल. ओल्या चिखलात बसलेल्या बॅगेतून डिस्क काढली की पकड गेलीच.

गंगावेशीतला
ताई, पट्ट्याचं खरं आहे. माझ्या बॅगेला छातीचा पट्टा नाही, तो लावून घेतो. पायांऐवजी तळाला टायरची रबरी पट्टी शिवलीय. चिखल लागतो, पण पाणी आत येत नाही.

माळावरचा_वारा
आत्ताच मोजली. माझी सॅक 16 भरली. शाहूपुरी, तुझं बरोबर निघालं. तिच्यावर आता पैसे घालत नाही. पण खास बॅगेचं अजून मनाला पटत नाही; ताईंची अडचण फ्रेमची आहे, आणि जुन्या ट्रेकिंग सॅकची ॲल्युमिनियमची फ्रेम माझ्याकडे पडून आहे. गंगावेस, रविवारी सकाळी तुझी चौकोनी बॅग माळावर आण. फ्रेम बांधून, चौदा डिस्क भरून अख्खी फेरी मी पाठीवर घेतो. ताई, तुम्हीही या, माझी फेरी झाली की नऊ बास्केट तुमच्या पाठीवर.