आर्टिस्ट व्हिलेजमधलं जपलेलं घर आणि 'खुनी' शेजारी

खिडकीपाशी: एका ग्रुपवर नवी मुंबईतल्या आपल्या आर्टिस्ट व्हिलेजमधल्या (बेलापूर सेक्टर ८), मूळ रूपात जपलेल्या घराचे फोटो आलेत. उतरतं कौलारू छप्पर, पांढऱ्या भिंती, अंगणात झाड. खाली लिहिलंय, 'बाकीच्यांनी वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या कलाकृतीचा खून केला.' घर देखणं आहे, वादच नाही. पण खून? १९८३ ते ८६ मध्ये ही वसाहत झाली तेव्हा कोरियांनी दोन घरांत सामाईक भिंतच ठेवली नाही, ती कशासाठी? ज्याची जशी ऐपत, तसं त्याने वाढवावं म्हणूनच ना! आमच्या आईबाबांनी वर खोली चढवली ती त्याच हिशोबाने.

कौलवाला: खोली चढवणं वेगळं, सगळं पाडून तीन मजली ठोकळा उभा करणं वेगळं. आमच्या तुळशीला आता दुपारी बारालाच काय ते ऊन मिळतं. घर वाढवायची मुभा होती, शेजाऱ्याचं आकाश अडवायची नव्हती.

सेक्टर_आठ: कौलांचं कौतुक करणारे जुलैत राहिलेत का इथे? पारसिकच्या डोंगरावरून पाऊस तिरका येतो. आजीच्या उशाशी परात ठेवून रात्री काढल्यात आम्ही. स्लॅब पडला तेव्हा कुठे ती झोपली. फोटो काढून जाणाऱ्यांनी शिकवू नये.

कौलवाला: मीही इथेच राहतो. मे महिन्यात कौलं चाळून घेतली की गळत नाही. चाळणारा माणूस मिळत नाही, एवढं मान्य.

डोंगरपायथा: छप्पर राहू दे, चौकाचं बोला! सात घरांत मिळून आठ बाय आठ मीटरचा चौक, पोरांना खेळायला. आमच्यात दोन गाड्या ठाण मांडून आहेत. आईची व्हीलचेअर काढताना रोज कुणाचा तरी आरसा दुमडावा लागतो.

सेक्टर_आठ: मग गाडी डोक्यावर घेऊ? तुमची बाहेर रस्त्यावर आडवी असेलच.

डोंगरपायथा: माझ्याकडे गाडी नाही. स्कूटर आहे, ती स्वतःच्या अंगणात असते. माहीत नसताना आरोप करू नका.

सेक्टर_आठ: बरं, तो आरोप मागे. बाकीचं नाही.

खिडकीपाशी: फोटोतल्या घरासमोरचा चौक रिकामा आहे, हे पाहिलंत का? ते श्रेय एकट्या मालकाचं नाही, सातही घरांचं आहे.

कौलवाला: हे पटलं. गाड्या एकवीस घरांच्या मोठ्या चौकात लावा, तो बारा बाय बारा आहे.

सेक्टर_आठ: तिथे नऊच्या आत जागा भरते. माझी शिफ्ट साडेअकराला सुटते.