'शीतयुद्ध अमेरिकेने जिंकले' असं लिहिणाऱ्या मुलांना पूर्ण गुण द्यावेत का?

माळरान:

बारावीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. 'शीतयुद्ध कसे संपले?' या प्रश्नाला बहुतेक मुलांनी एकाच छापाचं उत्तर लिहिलं: अमेरिकेने सोव्हिएत युनियनचा पराभव केला आणि १९९१ साली शीतयुद्ध संपले. मी निम्मे गुण दिले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, मग हरलं कोण?" स्टाफरूममध्येही त्यावरून बरीच वादावादी झाली, म्हणून इथे मांडते.

माझं म्हणणं असं की आपण दोन वेगळ्या घटना एकत्र कालवतो. शीतयुद्ध संपणं ही एक आणि सोव्हिएत युनियन फुटणं ही दुसरी. २५ डिसेंबर १९९१ च्या रात्री क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला, पण त्याआधी वर्षभर भांडण मिटलेलंच होतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झे यांनी मॉस्कोच्या विमानतळावर एकत्र उभं राहून इराकचा निषेध केला. इराक तोवर मॉस्कोचा मित्र होता. दहा वर्षांपूर्वी असं दृश्य कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. नोव्हेंबर १९९० मध्ये पॅरिसला युरोपातल्या रणगाड्यांवर आणि तोफांवर मर्यादा घालणारा करार झाला. दोन्ही गटांनी त्यावर सह्या केल्या. सोव्हिएत युनियन तेव्हा जिवंत होता, हातात हजारो अण्वस्त्रं बाळगून होता, आणि तरीही शत्रुत्व संपलं होतं.

ते संपलं कारण दोन्हीकडच्या माणसांनी ते संपवलं. त्यातही मोठं पाऊल गोर्बाचेव्ह यांचं. मार्च १९८५ मध्ये ते सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस, म्हणजे देशाचे सर्वोच्च नेते झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जिनिव्हाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या संयुक्त निवेदनात एक वाक्य आलं: अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढलं जाता कामा नये. मग ऑक्टोबर १९८६ ला आइसलंडच्या रेक्याविकमध्ये दोघं सगळीच अण्वस्त्रं नष्ट करण्याच्या गोष्टीपर्यंत पोचले आणि 'स्टार वॉर्स'ची, म्हणजे येणारी क्षेपणास्त्रं अवकाशात अडवणाऱ्या अमेरिकी ढालीची, चाचणी प्रयोगशाळेच्या आत ठेवायची की बाहेर न्यायची, या एका मुद्द्यावर बोलणी फिसकटली. दोघांचे त्या रात्रीचे फोटो बघा, चेहरे उतरलेले आहेत. पण चौदा महिन्यांत, ८ डिसेंबर १९८७ ला, ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सोडायची सगळी क्षेपणास्त्रं मोडीत काढण्याचा करार वॉशिंग्टनला झाला. एकूण २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली: सोव्हिएतची १,८४६, अमेरिकेची ८४६. हरलेल्याची शस्त्रं जिंकणारा काढून घेतो. इथे दोघांनीही आपापली शस्त्रं स्वतःच्या हातांनी तोडली, आणि तीही समोरच्याचे निरीक्षक उभे असताना.

मुलांना निम्मेच गुण का दिले, ते आता कळलं असेल. तुम्ही किती दिले असते?

---

कोष्टक:

मॅडम, मी पूर्ण गुण दिले असते. तुमचं सगळं लिखाण वाटाघाटींच्या टेबलावर घडतं, पण गोर्बाचेव्ह त्या टेबलाशी का आले, हे सांगायचं राहून गेलं. हिशोबाच्या वहीत बघा.

सोव्हिएत युनियन धान्य बाहेरून विकत घेत होता, आणि त्यासाठी लागणारे डॉलर येत होते तेलातून. १९८५ च्या शरद ऋतूत सौदी अरेबियाने तेलाचं उत्पादन वाढवलं. पिंपाचा भाव तीसच्या आसपास होता, तो १९८६ च्या उन्हाळ्यात दहा डॉलरच्या घरात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेर्नोबिल. अफगाणिस्तानात फौज अडकलेली. शिवाय राष्ट्रीय उत्पन्नाचा जो वाटा ते सैन्यावर घालवत होते तो अमेरिकेच्या कितीतरी पट. घर चालवणाऱ्या कुणालाही हे कळेल: उत्पन्न निम्म्याहून खाली आलं की शेजाऱ्याशी चाललेला कोर्टातला दावा माणूस मागे घेतो. त्याला मनाचा मोठेपणा म्हणत नाहीत.

आणि दबाव आणला होता रेगन यांनीच. संरक्षणखर्च वाढवला, पश्चिम जर्मनीत पर्शिंग क्षेपणास्त्रं आणली, २३ मार्च १९८३ ला अवकाशातल्या ढालीची घोषणा केली. १९९० ला जर्मनी एकत्र झाला तेव्हा सोव्हिएत सैन्य परत न्यायच्या खर्चापोटी बॉनच्या जर्मन सरकारने १२ अब्ज मार्क दिले, वर ३ अब्जांचं बिनव्याजी कर्ज. जिंकणारा पैसे देऊन हरणाऱ्याला घरी पाठवतोय, असं हे चित्र आहे. पराभव या शब्दाला तुम्ही का घाबरता?

---

माळरान:

कोष्टक, तेलाचा भाव आणि धान्य यावर वाद नाही. तो भाग मुलांनी लिहिला असता तर मी गुण दिलेच असते. पण गरिबीतून शांतता आपोआप निघत नाही. उत्तर कोरियात १९९० च्या दशकात लोक उपाशी मेले, तरी तिथल्या राज्यकर्त्यांनी अण्वस्त्रांचा नाद सोडला नाही. तिजोरी रिकामी झाल्यावर काय करायचं हे तिजोरी सांगत नाही. गोर्बाचेव्ह यांच्या आधीचे सरचिटणीस चेर्नेन्को आणखी पाच वर्षं जगले असते तर त्याच भावात, त्याच तुटवड्यात रणगाडे तिथेच उभे राहिले असते.

'स्टार वॉर्स'चं तर उलटंच आहे. त्या ढालीमुळे मॉस्को नमलं असं म्हणतात, पण रेक्याविकला करार अडला तो त्याच ढालीमुळे. मग वाट कुणी काढली? आंद्रेई सखारोव्ह यांनी. सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या जनकांपैकी एक, सरकारविरुद्ध बोलले म्हणून गोर्की शहरात जवळपास सात वर्षं स्थानबद्ध. डिसेंबर १९८६ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी स्वतः फोन करून त्यांना मॉस्कोला परत बोलावलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत सखारोव्ह उभे राहिले आणि म्हणाले की ही ढाल म्हणजे अवकाशातली माझिनो रेषा (दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वळसा घालून निकामी केलेली फ्रान्सची तटबंदी) आहे, ती पार करणं सोपं आणि स्वस्त आहे. तिच्यासाठी क्षेपणास्त्रांचा करार अडवून ठेवू नका. महिना संपता संपता गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा प्रश्न ढालीपासून वेगळा काढला. वर्षअखेरीस सह्या. म्हणजे ढालीला भिऊन करार झाला नाही. तिची भीती सोडली तेव्हा झाला.

ही गोष्ट वर्गात सांगताना दरवेळी माझा आवाज जड होतो. ज्याला सरकारने गप्प बसवलं होतं त्याचंच सरकारने ऐकलं.

---

वाफाळता चहा:

कोष्टक यांचा एक मुद्दा दोघांनीही अर्धा सोडला. रेगन १९८३ नंतर बदलले. सप्टेंबर १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, २६९ माणसं गेली. त्याच महिन्याच्या शेवटी सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघाल्याचा खोटा इशारा दिला आणि ड्यूटीवरच्या पेत्रोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने तो खोटाच असणार असं ठरवून वर कळवलं. नोव्हेंबरात नाटोचा 'एबल आर्चर' सराव. तो खराखुरा हल्ला असेल अशी शंका मॉस्कोत काहींना आली. त्या महिन्यात रेगन यांनी रोजनिशीत लिहिलं की या लोकांना हल्ल्याची खरोखरच भीती वाटते आहे, आपला तसा इरादा नाही हे त्यांना सांगायला हवं. १६ जानेवारी १९८४ च्या भाषणात त्यांचा सूर बदलला, तेव्हा गोर्बाचेव्ह सत्तेवर यायला अजून वर्ष होतं.

तेव्हा दबावाने काम झालं असेल तर उलट्या अर्थाने झालं. दबाव किती वाढलाय हे बघून दबाव आणणाराच दचकला.

---

खाडीपलीकडे:

तुम्ही सगळे दोन म्हाताऱ्यांबद्दल बोलताय. माणसं कुठे आहेत यात?

मी सहा वर्षं पोलंडमध्ये नोकरी करतोय. इथे कुणालाही विचारा शीतयुद्ध कुणी संपवलं. रेगन आणि गोर्बाचेव्ह ही नावं नंतर येतात. पहिलं नाव ग्दान्स्कच्या जहाजगोदीचं. ऑगस्ट १९८० चा संप, सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना, मग १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा, धरपकड, आणि तरीही ४ जून १९८९ च्या निवडणुकीत लढवता येण्यासारख्या जवळजवळ सगळ्या जागा सॉलिडॅरिटीच्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियाची सुमारे वीस लाख माणसं हातात हात धरून सहाशे किलोमीटरहून लांब साखळीत उभी राहिली. ९ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सत्तर हजार लोक मेणबत्त्या घेऊन चालले. गोळीबार होईल असं त्या दिवशी शहरात सगळ्यांना वाटत होतं, तरी ते घराबाहेर पडले.

आणि ९ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये काय झालं? पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षाच्या एका पुढाऱ्याने पत्रकारांसमोर चुकून सांगितलं की नवा प्रवासनियम लगेच लागू आहे. लोक बर्लिन भिंतीच्या फाटकाशी जमले. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या अधिकाऱ्याने वर फोन केले, स्पष्ट उत्तर मिळेना, शेवटी त्याने फाटक उघडलं. त्या रात्रीचा निर्णय मॉस्कोत झाला नाही, वॉशिंग्टनलाही नाही.

मॅडम, तुमच्या उत्तरपत्रिकेत या लोकांना किती गुण?

---

माळरान:

खाडीपलीकडे, हे वाचून मी बराच वेळ थांबले. धाग्यात मी या लोकांचं नावही घेतलं नाही, ही माझी चूक. मान्य.

पण एक सांगते. १९५३ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये लोक रस्त्यावर होते. १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये, १९६८ मध्ये प्रागमध्ये होते. धैर्य तेव्हाही कमी नव्हतं. तिन्ही वेळा सोव्हिएत रणगाडे आले. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीत तीन लाखांहून जास्त सोव्हिएत सैनिक होते आणि ते बराकीत बसून राहिले. ७ डिसेंबर १९८८ ला संयुक्त राष्ट्रांत गोर्बाचेव्ह यांनी पाच लाख सैन्य कमी करण्याची घोषणा केली आणि प्रत्येक देशाला आपला मार्ग निवडण्याचा हक्क आहे असं सांगितलं. लोकांनी त्या शब्दाची परीक्षा घेतली, आणि तो शब्द टिकला.

---

खाडीपलीकडे:

टिकला? १३ जानेवारी १९९१, लिथुआनियाची राजधानी विल्नियस. टीव्हीच्या मनोऱ्यापाशी निःशस्त्र जमावावर रणगाडे घातले, १४ माणसं गेली. त्याआधी एप्रिल १९८९ ला जॉर्जियात त्बिलिसी, जानेवारी १९९० ला अझरबैजानात बाकू, तिथेही सैन्य लोकांवर घातलं. लिथुआनियन लोकांना जाऊन सांगा शब्द टिकला म्हणून. आदेश आपण दिला नव्हता असं गोर्बाचेव्ह म्हणत राहिले, पण राष्ट्राध्यक्ष तेच होते. पूर्व युरोप सोडला कारण तो परका होता. स्वतःच्या हद्दीतलं सोडायची वेळ आली तेव्हा हात आवळलाच.

---

जुना वर्गणीदार:

वयाने मोठा आहे म्हणून थोडं आपल्याकडचं लिहितो. लहानपणी सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं आमच्या वह्यांना असायची. वडील ओझरला मिग या सोव्हिएत लढाऊ विमानांच्या कारखान्यात होते. आमच्या घरी शीतयुद्ध म्हणजे बातम्यांतली गोष्ट नव्हती, रोजचा डबा होता. पवईची आयआयटी उभी राहिली तीसुद्धा सोव्हिएत मदतीने.

नोव्हेंबर १९८६ मध्ये, रेक्याविकनंतर सहा आठवड्यांनी, गोर्बाचेव्ह दिल्लीला आले आणि राजीव गांधींबरोबर अण्वस्त्रमुक्त, अहिंसक जगाच्या जाहीरनाम्यावर सही केली. वडिलांनी पेपरातलं ते पान जपून ठेवलं होतं. पाच वर्षांनी तो देशच उरला नाही. एका विमानाचे सुटे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले. रुपया-रुबल व्यवहार कोलमडला, जुन्या कर्जाचा हिशोब १९९३ साली नव्याने करावा लागला. वडील संध्याकाळी घरी येऊन एवढंच म्हणायचे, "पत्र कुणाला लिहायचं तेच कळत नाही."

माळरान, तुमची दोन घटनांची वाटणी कागदावर बरोबर आहे. पण आम्हाला त्या दोन घटना वेगळ्या कधी दिसल्याच नाहीत. भांडण मिटलं याचा आनंद करायला सवडच मिळाली नाही, मित्राचं घरच बसलं.

---

कोष्टक:

काका, तुमचा प्रतिसाद वाचून माझा मुद्दा मलाच जरा कोरडा वाटायला लागला. तरी सोडत नाही. मॅडम म्हणतात की तिजोरी काय करायचं ते सांगत नाही. बरोबर. पण किती दिवस थांबता येईल हे तीच सांगते. गोर्बाचेव्ह चांगले होते हे खरं, आणि त्यांच्याकडे वेळ नव्हता हेही तितकंच खरं.

आणि हे संपलं म्हणता, तर तो १९८७ चा करार आज कुठे आहे? ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. रशियाने करार मोडून क्षेपणास्त्र बनवलं हा तिचा आरोप, रशिया तो नाकारतो.

---

माळरान:

करार गेला, पण तेव्हा तोडलेली क्षेपणास्त्रं परत आली नाहीत. १९८६ मध्ये जगात साठ हजारांहून जास्त अण्वस्त्रं होती, आज सुमारे बारा हजार. तेवढीही सगळ्यांना पुरून उरतील, हे मला कळतं. पण ती घट आकाशातून पडली नाही. उरल पर्वताच्या पश्चिमेला व्होत्किन्स्क नावाचं गाव आहे, संगीतकार चायकोव्स्कीचं जन्मगाव. तिथल्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकावर अमेरिकन निरीक्षक १९८८ पासून तेरा वर्षं राहिले. बाहेर पडणारा प्रत्येक मोठा डबा ते मोजत होते. आणि सोव्हिएत निरीक्षक तसेच युटामधल्या मॅग्ना गावात.

विल्नियसबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, खाडीपलीकडे. ते मी वर्गात सांगेन, गोर्बाचेव्ह यांचं नाव घेऊनच.

आज पेपर परत मागवले. ज्यांनी तेलाचा भाव, अफगाणिस्तान किंवा पोलंड यांपैकी काहीही एक लिहिलं होतं त्यांचे गुण वाढवले. अशी अकरा मुलं निघाली. बाकीच्यांचे निम्मेच ठेवलेत. त्या मुलीने परत विचारलं, "पण मॅडम, हरलं कोण ते सांगितलं नाहीत." तिला काकांचा प्रतिसाद वाचायला दिला आहे. सोमवारी भेटेल.