शब्दचर्चा: ‘क्लॅथ्रेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
अकरावीच्या मुलांसाठी प्राचीन हवामानावर टिपण लिहिते आहे. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पेलिओसीन हा भूशास्त्रीय कालखंड संपून इओसीन सुरू होताना, पृथ्वी ५ ते ६ अंश सेल्सिअसने तापली. समुद्रतळाच्या गाळात बर्फासारख्या रूपात अडकलेला मिथेन तेव्हा बाहेर पडला असावा, असे जेराल्ड डिकन्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडले. त्या ‘बर्फा’ला क्लॅथ्रेट म्हणतात. मी लिहिले, ‘मिथेन-बर्फ वितळला’. मैत्रिणीने दोन्ही शब्दांवर फुली मारली. काय लिहू?

प्रतिसाद
फुली योग्यच आहे. मिथेन गोठायला उणे १८२ अंश लागतात, समुद्रतळाशी तेवढी थंडी कुठली? तिथे गोठलेले असते ते पाणी. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजरे करतात आणि त्यांत मिथेनचे रेणू बसतात. क्लॅथ्रेट हा शब्दच लॅटिनमधल्या गज-जाळी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. मी ‘पिंजरा-संयुग’ लिहिले असते. क्रियापदही बदला. दाब कमी झाला किंवा ऊब वाढली की पिंजरा मोडतो आणि १ घनमीटर क्लॅथ्रेटमधून साधारण १६० घनमीटर वायू सुटतो. ‘वितळणे’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे नुसते पाणी येईल.

प्रतिसाद
‘संयुग’ मुलांना जड जाईल. ‘कोंडलेला मिथेन’ लिहा ना ताई. ‘मिथेनची कोंडी फुटली’ हे तर कुणालाही कळेल.

प्रतिसाद
‘कोंडलेला’ उत्तम. ‘फुटली’ला मात्र माझा मनापासून विरोध आहे. याच विषयात ‘क्लॅथ्रेट गन’ अशी एक कल्पना गाजली. जेम्स केनेट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ती सविस्तर मांडली. हिमयुगातले हवामान अचानक उबदार होई, त्यामागे समुद्रतळातून सुटलेला मिथेन होता, असे तिचे म्हणणे. मराठीत तिची ‘बंदूक’ झाली की वाचकाला एकच बार ऐकू येतो. बर्फाच्या गाभ्यांतल्या (जुन्या हिमथरांत खोल छेद घेऊन काढलेल्या दांड्यांतल्या) हवेच्या बुडबुड्यांतील मिथेन तपासला, तेव्हा हिमयुग संपतानाच्या वाढीत मोठा वाटा पाणथळ जागांचा दिसला. तुमच्या इओसीनच्या घटनेतही कार्बन हजारो वर्षे येत राहिला आणि उत्तर अटलांटिकमधल्या ज्वालामुखींचा वाटा आता बराच मोठा मानतात. ‘सुटत गेला’, ‘झिरपत राहिला’ असे लिहा. क्रियापदात काळ दिसला पाहिजे.

प्रतिसाद
थोडे अवांतर, पण शब्दांचेच. ‘मिथेन’ हे नाव १८६६ मध्ये हॉफमन यांनी सुचवले. त्यातला ‘मेथ’ ग्रीक ‘मेथु’वरून आला. ‘मेथु’ म्हणजे मद्य, आपल्या ‘मधु’चे सख्खे भावंड! (लाकडापासून काढलेल्या मद्यार्कातून ‘मेथिल’ आले, म्हणून.) त्याआधी १७७६ मध्ये व्होल्टा यांनी इटलीतल्या माज्जोरे सरोवरात काठीने चिखल ढवळून हा वायू गोळा केला होता. आपल्या गोबरगॅसमध्ये मुख्यतः हाच.

टिपणात आणखी मागचा काळ असेल तर ‘मिथेनजनक सूक्ष्मजीव’ हा शब्द ठेवा. तीन अब्ज वर्षांपूर्वी सूर्य आजच्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के मंद होता, तरी समुद्र गोठले नव्हते. कार्बन डायऑक्साइडबरोबर या जीवांच्या मिथेननेही पृथ्वीवर ऊब धरून ठेवणारी गोधडी घातली असावी. हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे मिथेन हजारो वर्षे टिकू शके. आज तो सरासरी दहा-बारा वर्षांत संपतो. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी ऑक्सिजन वाढला, गोधडी विरली आणि हिमयुग आले. एकाच जीवसृष्टीने गोधडी विणली आणि उसवलीही, हे मला फार मोठे वाटते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. वाक्य आता असे केले आहे: ‘समुद्रतळाच्या गाळात पाण्याच्या पिंजऱ्यांत कोंडलेला मिथेन हजारो वर्षे सुटत गेला असावा.’ ‘क्लॅथ्रेट’ एकदाच, पानाच्या समासात देते. आणि शेजारी एक नकाशा: २००६ च्या मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळाखाली असाच कोंडलेला मिथेन सापडला. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी ज्या समुद्रात गाळ नेऊन टाकते, तिथेच.