मोजणी म्हणजे नुसता बांध नव्हे
दादा, 'खासगी सर्व्हेअर बांधाच्या भांडणापुरताच' हे तुमचं म्हणणं पटलं नाही. मी बेळगावात हेच काम करतो. याच आठवड्यात खानापूरकडे लेआउटसाठी (प्लॉट पाडण्यासाठी) कंटूर, म्हणजे जमिनीच्या चढउताराच्या रेषा, घेतले, निपाणीजवळ गोदामाच्या पायाची आखणी केली. पण माझा जीव रमतो तो जुन्या टिपणांत, म्हणजे मोजणीच्या वेळी मापं टाकून काढलेल्या शेताच्या कच्च्या नकाशांत. मुंबई इलाख्यातली ती मोजणी 33 फुटी साखळीची; साखळीचे 16 सारखे भाग, त्यांना आणे म्हणायचे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे 1 गुंठा, 1089 चौरस फूट. परवा अशाच एका टिपणावरून अंतर काढून करंजाच्या मुळाशी पहार घातली, तर हातभर खाली हद्दीचा दगड खणकन वाजला. जमिनीचे मालक दोघे भाऊ बघतच राहिले! मात्र पोडी (सर्व्हे नंबरचे सरकारी हिस्से पाडणं) किंवा 11-ई नकाशा (जमिनीचा तुकडा विकण्याआधी लागणारा) यांना सरकारी नाहीतर परवानाधारक भूमापकच लागतो, हे आम्ही आधीच सांगतो.