टेकडीवरचा पिवळा कॉसमॉस उपटावा का?

टेकडीकर: पुण्याच्या वेताळ टेकडीवर सध्या कमरेएवढा कॉसमॉस फुललाय. लोक त्यात उभं राहून फोटो काढतात आणि खाली लिहितात, ‘सोनकी बहरली’! सोनकी हे आपल्या सह्याद्रीचं पिवळं रानफूल. हा मेक्सिकोकडचा, बागांमधून निसटून डोंगरावर चढलेला. माझं मत स्पष्ट आहे, बी धरायच्या आत मुळासकट उपटावा.

मधुबन: माझा विरोध. टेकडीच्या पायथ्याला माझ्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. पावसाळा सरताना त्या याच फुलांवर असतात, फुलपाखरंही. मिरची, टोमॅटो, पेरू तरी कुठे आपले होते?

टेकडीकर: मिरची बांध ओलांडून डोंगर व्यापत नाही, दादा. परदेशी असणं वेगळं, आक्रमक असणं वेगळं. गाजरगवताची नोंद 1955 मध्ये आपल्या पुण्यातच झाली होती. आज देशात ते कुठे नाही?

सोनकीवाली: हेतू मान्य, पद्धत नाही. गेल्या वर्षी एका उपटणी मोहिमेला गेले होते. झाड कसं ओळखायचं हे कुणी सांगितलंच नाही, सगळे पिवळं दिसेल ते ओढत सुटले. शेवटी पोतं उलटं केलं तर त्यात सोनकी, तेरडा, सगळंच. फार वाईट वाटलं.

फुलावरून ओळखू नका, पान बघा. सोनकीचं पान अखंड, कडेला दाते, फांदीवर एकाआड एक. कॉसमॉसचं पान चिरफाळलेलं आणि दोन पानं समोरासमोर. उपटायची खरी वेळ फुलं येण्याआधीची, ओल्या मातीतली. तेव्हा हाताशी पानच असतं. बी धरल्यावर तर चुकायचं कारणच नाही. सोनकीचं बी पांढऱ्या म्हातारीसारखं उडतं, कॉसमॉसचं काळसर, सुईसारखं लांब.

कोवळ्या गाजरगवताची पानंही चिरलेलीच असतात, पण ती आधी जमिनीलगत चक्रासारखी पसरतात. ते उघड्या हाताने उपटू नका, अंगाला खाज सुटते, पुरळ येतं.

ओढ्याकाठी: कॉसमॉस हाताने निघतो म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडतात. याच टेकड्यांवर हौसेने लावलेल्या ग्लिरिसिडियाचं काय? मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचंच झाड ते. त्याच्या दाट सावलीत आपलं गवत धरत नाही. त्याबद्दल बोलायला लोक कचरतात, कारण ते ‘वृक्षारोपण’ आहे.

टेकडीकर: हे पटलं. पण ग्लिरिसिडिया तोडायला परवानगी लागते, कॉसमॉस या रविवारी निघू शकतो. म्हणून सुरुवात तिथून.

मधुबन: पानाची खूण मी लक्षात ठेवली, ताई. उपटण्याला माझा विरोध मात्र कायम आहे. आमच्या गल्लीमागचा असाच एक तुकडा साफ केला होता. पुढच्या पावसाळ्यात तिथे रानतुळस माजली, तीही बाहेरचीच, आणि माश्यांना होता तो चाराही गेला. मोकळ्या जागी काय उगवणार ते आधी ठरवा. पवन्या किंवा मारवेल या आपल्या गवतांचं बी टाकणार असाल तर मी स्वतः येतो.

सोनकीवाली: पवन्याचं बी तयार झालं की त्याच टेकडीवरून गोळा करू, बाहेरून नको. आणि पहिल्या दिवशी काहीच उपटायचं नाही, फक्त पानं ओळखायची. चालेल?

टेकडीकर: एक दिवस थांबतो. पण बी पिकायला लागलंय, दोन दिवस नाही थांबणार.