‘प्रमाणित’ सुटे भाग की ‘मापाचे’?

प्रश्न : सोलापुरात यंत्रमाग दुरुस्ती शिकणाऱ्या पोरांसाठी टिपण लिहितोय. ‘यंत्र आखतानाच शक्यतो प्रमाणित सुटे भाग धरावेत’ असं लिहिलं. वर्कशॉपचे मालक म्हणाले, ‘प्रमाणित? सही-शिक्का कुठंय मग?’ ‘स्टँडर्ड’साठी दुसरा शब्द आहे का?

– मालकांचं बरोबर आहे. ‘प्रमाणित प्रत’ म्हटलं की शिक्काच आठवतो. ‘प्रमाण भाषा’ चालतं, पण ‘प्रमाण भाग’ कानाला खटकतं. भारतीय मानक ब्युरोमुळे ‘मानक’ ओळखीचा झालाय, तोच घ्या.

– ‘साचेबद्ध’ कसा वाटतो?

– नको हो! साचेबद्ध म्हणजे कंटाळवाणं. शिवाय एकाच साच्यातून ओतलेली दोन चाकंसुद्धा कानस मारल्याशिवाय मागावर बसत नाहीत.

– अक्कलकोट रोडला माझं लेथचं काम आहे. आम्ही ‘मापाचा’ म्हणतो. शब्दापेक्षा गोष्ट सांगा पोरांना. जुन्या मागावर अडीच सुती बोल्ट असतो, म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. आठ एमएमचा नट त्यावर दोन आटे छान फिरतो, मग अडकतो. कारण व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंची मापाच्या, आट्यांतलं अंतर १.४१ मिमी, एमएमचं १.२५, आट्याचा कोनही ५५ आणि ६० अंश. पोरगं पान्यानं जोर लावतं, आटे जातात. जाडी जुळली म्हणजे माप जुळलं असं नाही. व्हिटवर्थसाहेबानं १८४१ मध्ये आटे ठरवून दिले, त्याआधी तर ज्याचा त्याचा आटा!

– दादा, उदाहरण झकास, पण ‘मापाचा’ उलटा पडतो. मापाचा सदरा म्हणजे माझ्याच अंगाला शिवलेला, दुसऱ्याला न होणारा. इथं हवाय तो कुणाच्याही मागाला बसणारा.

– हे ध्यानात आलं नव्हतं. मग ‘ठरीव मापाचा’ करा.

– ‘अदलाबदलीचा’ पण आहे की.

– तो परिणाम झाला. माप ठरीव, म्हणून अदलाबदल होते. आखणाऱ्यानं सात तऱ्हेचे बोल्ट दोनवर आणले तर पानेही कमी लागतात आणि जोडणी झटपट होते, ते वेगळंच.

मूळ प्रश्नकर्ता : ‘ठरीव मापाचे सुटे भाग’ घेतलं. कंसात ‘मानक’ देतो, परीक्षेत तोच येईल. दादा, अडीच सुती बोल्ट आणि आठचा नट एका पिशवीत घालून द्याल का? पोरांच्या हातातच देतो.